मुखाशी अडलेली नदी : गूलवा, कूरोंग आणि मरेचा शेवटचा टप्पा

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तेव्हा अरबी समुद्र तिच्यापासून जेमतेम पासष्ट किलोमीटरवर असतो. त्या समुद्राकडे पाठ फिरवून ती पूर्वेकडे निघते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. ऑस्ट्रेलियातील मरे नदीची तऱ्हा अशीच आहे, फक्त दिशा उलटी. पूर्व किनाऱ्याच्या बाजूच्या बर्फाळ डोंगररांगांत ती जन्मते, जवळच्या समुद्राकडे न जाता पश्चिमेला वळते, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांची सीमा आखीत दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरते आणि २५०८ किलोमीटरांचा प्रवास संपवून ॲडलेडच्या दक्षिणेला महासागराला भेटते. डार्लिंग आणि इतर उपनद्या धरून तिचे खोरे दहा लाख चौरस किलोमीटरांहून मोठे, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक आहे.

एवढ्या नदीच्या मुखाशी एखादे महाबंदर वसलेले असेल, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात तेथे वाळूचे दोन लांबट दांडे आहेत आणि त्यांच्यामध्ये एक फट. पुराच्या वर्षी ती शेकडो मीटर रुंदावते. १९८१ मध्ये ती पूर्णपणे बुजली होती. या फटीच्या अलीकडे, नदीच्या वळणावर, गूलवा हे छोटे गाव आहे. ‘गूलवा’ या शब्दाचा मूळ रहिवाशांच्या भाषेतील अर्थ ‘कोपर’ असा सांगतात आणि नकाशावर नदीचा बाक पाहिला की तो पटतो. बंदर होण्यासाठी वसलेले, काही वर्षे खरोखरच भरभराटलेले आणि मग व्यापार निघून गेल्यामुळे जसेच्या तसे उरलेले हे गाव आहे. त्याची गोष्ट समजून घेऊन पाहिले, तर सुट्टीतील एका दिवसाच्या सहलीत ऑस्ट्रेलियाच्या पाण्याचा सारा पेच डोळ्यांपुढे उभा राहतो.

ॲडलेडहून मोटारीने गूलवा दीड तासाच्या आत येते. धक्क्यावर बहुधा ‘ऑस्कर डब्ल्यू’ ही आगबोट बांधलेली दिसते. १९०८ मध्ये नदीच्या वरच्या अंगाला एचूका येथे बांधलेली ही बोट दोन्ही बगलांना असलेल्या चाकांनी पाणी कापते आणि अजूनही लाकडे जाळून चालते. तिचा तळ उथळ आहे, कारण मरेवर खोल तळाची बोट कामाची नव्हती. उन्हाळ्यात नदी इतकी आटत असे की बोटी महिनोन्‌महिने चिखलात रुतून पावसाची वाट पाहत. ऑस्कर डब्ल्यू आज स्वयंसेवक चालवतात. भट्टीत ओंडके सारणाऱ्यांत निवृत्त माणसे अधिक असतात आणि एखाद्याने इंजिनाविषयी प्रश्न विचारला, तर उत्तर बरेच लांबते.

या बोटी समुद्राच्या इतक्या जवळ येऊन समुद्रात का जात नव्हत्या, हा गूलवाचा मूळ प्रश्न. १८३० च्या फेब्रुवारीत चार्ल्स स्टर्ट हा शोधक वरून होडीने उतरत अलेक्झांड्रिना सरोवरापर्यंत आला. पलीकडे समुद्राची गाज ऐकू येत होती, पण मुखातील वाळू आणि फुटणाऱ्या लाटा यांतून होडी बाहेर काढणे अशक्य ठरले. थकलेल्या सोबत्यांना घेऊन, अपुऱ्या शिध्यावर, तो प्रवाहाविरुद्ध वल्हवत परत गेला. पुढच्याच वर्षी कॅप्टन कॉलेट बार्कर मुखाची पाहणी करण्यासाठी ते पोहून पलीकडे गेला आणि तेथील लोकांनी त्याला ठार मारले. किनाऱ्यावर सील मारण्यासाठी येणाऱ्या गोऱ्या टोळ्यांनी स्थानिक स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांची ही प्रतिक्रिया होती, असा अर्थ अनेक इतिहासकार लावतात.

१८५३ मध्ये फ्रान्सिस कॅडेल याची ‘लेडी ऑगस्टा’ ही आगबोट समुद्रातून मुख पार करून आत आली आणि गव्हर्नर हेन्री यंग यांना घेऊन वर गेली. बोटीचे नाव गव्हर्नरांच्या पत्नीचे. त्याच सुमारास विल्यम रँडेल या तरुणाने मॅनम येथे बांधलेली ‘मेरी ॲन’ नदीवर उतरली आणि दोघांची शर्यत लागली. या दोन बोटींनी एक गोष्ट सिद्ध केली : आतल्या मुलखातली लोकर नदीने खाली आणता येते. तिन्ही वसाहतींच्या मेंढपाळांसाठी ही मोठीच बातमी होती, कारण बैलगाडीने बंदर गाठायला महिने लागत. प्रश्न उरला तो शेवटच्या काही किलोमीटरांचा. लेडी ऑगस्टा एकदा आत आली, म्हणून लोकरीच्या गासड्यांनी भरलेले गलबत त्याच मुखातून रोज बाहेर जाईल, असे मानण्याचे धाडस विमा उतरवणाऱ्यांकडे नव्हते.

उत्तर म्हणून रूळ आले. गूलवाच्या धक्क्यापासून समुद्रकाठच्या पोर्ट एलियटपर्यंत सुमारे ११ किलोमीटरांचा लोहमार्ग १८५४ च्या मे महिन्यात सुरू झाला. त्यावर वाफेचे इंजिन नव्हते. डबे घोडे ओढत. तरीही लोखंडी रुळांवरची ही ऑस्ट्रेलियातील पहिली सार्वजनिक रेल्वे. मेलबर्नची वाफेची गाडी धावली ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ची, म्हणजे या खंडाच्या वर्षभर आधीची. मुंबईच्या गाडीमागे कापूस होता, गूलवाच्या गाडीमागे लोकर. दोन्हींचे शेवटचे गिऱ्हाईक इंग्लंडच्या गिरण्यांत बसलेले होते.

पोर्ट एलियटचा उपसागर घोड्याच्या नालेसारखा सुरेख आहे. आज तेथे मुले निर्धास्त डुंबतात. जहाजांना मात्र तो मानवला नाही. दक्षिण महासागराची लाट आत शिरली की नांगर टाकलेले गलबत खडकावर आदळे आणि १८५३ ते १८६४ या काळात सात गलबते तेथे नष्ट झाली. गव्हर्नरांनी निवडलेली जागा चुकीची होती, हे कबूल करायला एवढी पडझड लागली. १८६४ मध्ये रूळ पुढे व्हिक्टर हार्बरपर्यंत नेले गेले, जेथे बेटाच्या आडोशाला जहाजे सुरक्षित उभी राहत. पण त्याच वर्षी मेलबर्नची रेल्वे एचूकाला पोहोचली आणि वरच्या अंगाची लोकर तिकडे वळू लागली. १८७८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने स्वतःच मॉर्गन या नदीकाठच्या गावापर्यंत रूळ टाकले. मॉर्गनला माल उतरवून गाडीत घातला की गूलवापर्यंत येण्याची गरजच उरली नाही. दाभोळ, चौल, राजापूर ही नावे ज्यांच्या कानांवर आहेत, त्यांना ही कथा नवी नाही. बंदराला गाळ मारतो, असे आपण म्हणतो. पुष्कळदा गाळाच्या आधी दुसरीकडून गेलेला रस्ता मारतो.

गाव फिरायला तास-दीड तास पुरे. पिवळसर चुनखडीच्या दगडाच्या बैठ्या इमारती, रुंद रस्ते, जुनी हॉटेले, जपून ठेवलेला घोडागाडीचा रेल्वेडबा. वसाहतींच्या काळात प्रत्येक वसाहत शेजारणीच्या मालावर जकात घेई, त्यामुळे नदीकाठी जकातनाकी होती. १९०१ मध्ये संघराज्य झाल्यावर ती निरर्थक झाली. २००७ मध्ये गूलवाला ‘चित्तास्लो’ या इटलीत सुरू झालेल्या चळवळीने संथगतीचे गाव म्हणून मान्यता दिली. ऑस्ट्रेलियात हा मान त्याला सर्वांत आधी मिळाला. ज्या गावाला वेग साधला नाही, त्याला संथपणाचे प्रशस्तिपत्र मिळावे, यात थोडी गंमत आहेच. जुन्या लोहमार्गावरून गूलवा ते व्हिक्टर हार्बर ‘कॉकल ट्रेन’ ही पर्यटकांची गाडी धावते. एकेकाळी लोक या गाडीने शिंपल्या गोळा करायला येत, त्यावरून हे नाव पडले. बराचसा मार्ग समुद्राला इतका चिकटून जातो की खिडकीजवळच्या जागेसाठी मुलांमध्ये भांडण होणे अटळ.

खरा प्रवास मात्र पाण्यावरचा. धक्क्यावरून निघणाऱ्या पर्यटक बोटी काही तासांची फेरी घडवतात. होडी वल्हवणाऱ्यांसाठी मार्गदर्शकांसह कायाकच्या सहलीही असतात. निघताना शेजारीच हिंडमार्श बेटाकडे जाणारा पूल दिसतो. २००१ मध्ये खुला झालेल्या या साध्या पुलामागे ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक जीवनातील एक कडवट वाद आहे. हा सारा प्रदेश न्गारिन्जेरी लोकांचा. बेटाला ते कुमारांग म्हणतात. तेथे पूल बांधल्याने स्त्रियांच्या पवित्र परंपरेला बाध येतो, असे त्यांच्यातील काही स्त्रियांनी सांगितले. ती परंपरा इतर कोणाला सांगण्याची नव्हती. समाजातल्याच इतर काही स्त्रियांनी त्यावर आक्षेप घेतला. १९९५ मध्ये राज्याच्या चौकशी आयोगाने हे ज्ञान बनावट ठरवले. पुढे २००१ मध्ये संघीय न्यायालयाच्या न्यायाधीशांना ते बनावट असल्याचे पटले नाही, पण तोवर पूल उभा राहिला होता. जे गुप्त आहे तेच पुराव्यादाखल मांडा, असे न्यायालयीन पद्धती म्हणू लागली की काय होते, याचे हे उदाहरण कायद्याच्या अभ्यासात आजही निघते.

थोडे पुढे गेले की नदी बंधाऱ्याला टेकते. हा गूलवाचा बंधारा. अशा पाच बंधाऱ्यांची, बेटांना जोडत गेलेली, साडेसात किलोमीटरांहून लांब साखळी १९३५ ते १९४० या काळात बांधली गेली. समुद्राचे खारे पाणी वरच्या सरोवरांत शिरू नये आणि शेतीसाठी गोडे पाणी टिकावे, हा हेतू. वर धरणे आणि पाटबंधारे झाल्यामुळे खाली येणारे पाणी घटले होते आणि दुष्काळी वर्षांत भरतीचे पाणी नदीत फार आतवर चढू लागले होते. बंधाऱ्याच्या कडेला बोटींसाठी लॉक आहे, म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेली पाण्याची खोली. बोट आत शिरते, मागचे दार बंद होते, पाणी हलकेच पलीकडच्या पातळीला येते आणि पुढचे दार उघडते. पातळीतील फरक बहुधा काही वितींचाच असतो. पण मागचे पाणी नदीचे आणि पुढचे समुद्राचे असते, आणि कोकणात जो बदल खाडीतून जाताना वीस-पंचवीस किलोमीटरांत हळूहळू जाणवतो, तो येथे एका दारात घडतो. बंधाऱ्याच्या कठड्यांवर सील पहुडलेले असतात. पर्यटकांना ते लोभस वाटतात. जाळ्यातले मासे फस्त करतात म्हणून मच्छीमारांना अजिबात नाही.

लॉकच्या पलीकडे कूरोंग सुरू होते. वाळूच्या दांड्याने महासागरापासून तोडलेली, किनाऱ्याला समांतर पसरलेली ही सुमारे १४० किलोमीटर लांबीची चिंचोळी खारी पट्टी. एका बाजूला टेकड्यांमागून लाटांचा आवाज येतो, पण अवतीभवतीचे पाणी तळ्यासारखे शांत असते. मुखाजवळ ते समुद्राइतके खारे. दक्षिणेकडे जावे तसे बाष्पीभवनामुळे समुद्राहून कितीतरी अधिक खारट. १९८५ पासून हा प्रदेश रामसार करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंदलेला आहे. सैबेरिया आणि अलास्का येथून तुतारीच्या जातीचे चिमुकले पक्षी येथे उन्हाळा काढायला येतात. पेलिकन तर बारमाही. ‘स्टॉर्म बॉय’ हा १९७६ चा चित्रपट ज्यांनी शाळेतल्या मुलांसोबत पाहिला असेल, त्यांना त्यातील पेलिकनचे हे घर ओळखू येईल. बोटी साधारणपणे दांड्याला लागतात आणि प्रवासी वाळू ओलांडून महासागराकडे जातात. वाटेत शिंपल्यांचे पांढरे थर दिसतात. ते नैसर्गिक नव्हेत. न्गारिन्जेरी लोकांच्या शेकडो पिढ्यांच्या जेवणाच्या त्या खुणा आहेत आणि त्यांवरून चालायचे नसते. पलीकडच्या पुळणीवर ओल्या वाळूत टाचा घुसवून कंबर हलवली की तिसऱ्यांच्या जातभाई म्हणाव्यात अशा पिपी शिंपल्या वर येतात. किती आणि केव्हा गोळा करायच्या, याचे सरकारी नियम कडक आहेत आणि ते आधी पाहून घेतलेले बरे.

येथून मुख दिसते आणि स्टर्टला जे कळले नव्हते, ते आता समजावून घेता येते. दक्षिण महासागराच्या लाटा या किनाऱ्यावर सतत वाळू लोटत असतात. भरतीचे पाणी ती वाळू मुखातून आत आणते आणि ओहोटीच्या पाण्यात ती सगळी परत नेण्याचा जोर नसतो. तो जोर नदीने पुरवायचा. कोकणातील नद्यांच्या मुखांवर हे काम पावसाळा करतो; चार महिन्यांचा लोंढा तोंडावरची वाळू ढकलून देतो. मरेला असा नेमाचा पावसाळा नाही आणि जे पाणी येते, त्याला वाटेत असंख्य वाटेकरी आहेत. शिवाय बंधाऱ्यांमुळे भरती-ओहोटीला खेळायला पूर्वीइतकी जागा राहिली नाही. १९४० नंतर मुखाच्या आत साचलेल्या वाळूचे एक बेटच तयार झाले. ‘बर्ड आयलंड’ म्हणून ते नकाशावर दाखवले जाते.

सीएसआयआरओ या राष्ट्रीय विज्ञानसंस्थेने २००८ मध्ये मांडलेला हिशेब बोलका आहे. माणसाने पाणी उचलले नसते, तर मुखातून प्रवाह थांबण्याची वेळ एकूण काळाच्या एक टक्का आली असती. प्रत्यक्षात ती चाळीस टक्के येत होती. त्या काळात दक्षिण ऑस्ट्रेलिया दीर्घ दुष्काळातून जात होता. २००२ मध्ये मुख उघडे ठेवण्यासाठी गाळ उपसणारी यंत्रे आणावी लागली आणि ती २०१० पर्यंत हलली नाहीत. २००९ मध्ये अलेक्झांड्रिना सरोवराची पातळी समुद्रसपाटीच्याही सुमारे एक मीटर खाली गेली. उघड्या पडलेल्या तळातील गंधकयुक्त माती हवेच्या संपर्काने आम्लधर्मी होऊ लागली. गूलवाच्या आसपासच्या धक्क्यांना बांधलेल्या शिडाच्या होड्या चिखलावर कलंडल्या. २०१५ मध्ये उपसा पुन्हा सुरू झाला. मग २०२२-२३ चा महापूर आला, १९५६ नंतरचा सर्वांत मोठा, आणि यंत्रांना वर्षानुवर्षांत न साधलेले काम नदीने काही आठवड्यांत केले.

वाळू उपसण्यावर एवढा खर्च कशासाठी, असे वरच्या राज्यांतील शेतकरी विचारतात. त्यांचा प्रश्न अगदीच पोकळ नाही. सरोवरांतून बाष्पीभवनाने प्रचंड पाणी उडून जाते. बंधारे उघडून समुद्र आत येऊ द्यावा आणि ते गोडे पाणी आम्हाला द्यावे, असे त्यांचे म्हणणे. त्याला उत्तर मिठाचे आहे. या खोऱ्याच्या मातीत आणि भूजलात मुबलक मीठ आहे आणि ते बाहेर जाण्याची वाट एकच, हे मुख. घराची मोरी तुंबली की पाणी शेवटच्या खोलीतच साचून राहत नाही; ते वर चढत जाते. मुख बंद राहिले, तर मीठही तसेच मागे चढेल. म्हणून २०१२ च्या खोरे आराखड्यात, उपसा न करता मुख ९५ टक्के काळ उघडे राहावे, हे उद्दिष्ट लिहिले गेले आणि वर्षाला २७५० अब्ज लिटर पाणी वापरातून काढून नदीला परत देण्याचे ठरले. टीएमसीमध्ये विचार करणाऱ्या मराठी वाचकासाठी हे सुमारे ९७ टीएमसी, म्हणजे कोयना धरणाच्या पूर्ण साठ्याहून थोडेसे कमी. पुढे वाटाघाटींत हा आकडा बदलत गेला. सरकारने शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क विकत घ्यावेत की कालवे सुधारून पाणी वाचवावे, हा वाद २०२३ च्या नव्या कायद्यानंतरही चालू आहे.

कृष्णेच्या वाटपाशी याची तुलना करण्याचा मोह होतो आणि ती उद्बोधकही आहे. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी दिले. वाटेकरी तीन राज्ये. नदी स्वतः किंवा तिचे मुख या वाटपात वाटेकरी नव्हते. मरेच्या खोऱ्यातील १९१५ चा पहिला करारही असाच होता. नदीच्या मुखाला हिस्सा हवा, हे तेथे कागदावर यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली, तीही मुख डोळ्यांदेखत बुजल्यावर. कृष्णेच्या खोऱ्यालाही अभ्यासक आता ‘बंद खोरे’ म्हणू लागले आहेत. अवर्षणाच्या सालांत तिचे फारच थोडे पाणी समुद्रापर्यंत पोहोचते.

ज्यांच्या हाताशी आणखी एक दिवस आहे, त्यांनी सरोवराच्या पलीकडच्या काठावरचे रौकन पाहावे. वाटेत नॅरंग येथे दक्षिण ऑस्ट्रेलियातील इतर नदीतरींप्रमाणेच विनामूल्य चालणारी मोटारवाहू तर लागते. पन्नास डॉलरच्या नोटेवर ज्यांचे चित्र आहे, ते लेखक आणि संशोधक डेव्हिड युनायपन १८७२ मध्ये येथे जन्मले, तेव्हा ही मिशनची वसाहत होती; नोटेवरचे छोटे चर्चही येथलेच. आज रौकन न्गारिन्जेरी समाजाचे स्वतःचे गाव आहे. लोक तेथे राहतात, त्यामुळे कॅमेरा उचलण्यापूर्वी विचारणे एवढी रीत पाळावी.

मेलबर्नहून किनाऱ्याच्या बाजूने मोटारीने येणाऱ्यांना महामार्गच कूरोंगच्या काठाने आणतो. मेनिंगीला थांबून सरोवर पाहता येते. स्वतःची बोट असलेल्यांनी मुखाच्या तोंडाशी जाऊ नये. तेथील वाळूचे बांध आठवड्यागणिक जागा बदलतात. बोटीत बसायचेच नसेल, तर हिंडमार्श बेटाच्या टोकाला शुगर्स बीचपर्यंत गाडी जाते. समोर मुख असते आणि पाणी आत येत आहे की बाहेर जात आहे, हे वाळूवर काही मिनिटे उभे राहिले की ओळखता येते.